मेमरी कार्डावर भिस्त किती ठेवावी?

गेल्या पौषात आमच्या शाळेतील काही विद्यार्थिनींनी आपापल्या वाड्यांतील मांडांवर जाऊन ढालोचे चित्रमुद्रण केले. आज्यांचे व मावश्यांचे चार रात्रींचे गायन करंगळीच्या नखाएवढ्या एका मेमरी कार्डात घालून मुली शाळेत आल्या. कार्ड संगणकास जोडले, तो पहिल्या रात्रीची गाणी सुरेख निघाली. पुढील तीन रात्रींची केवळ नावे दिसत होती, उघडावयास जावे तो आत काहीच नाही. कार्डावर ६४ जीबी असे ठळक छापले होते. तपासाअंती आत जागा अवघी ८ जीबी निघाली. खरेदी आमचीच होती आणि स्वस्त मिळाले म्हणून आम्ही संतोषही पावलो होतो, हे कबूल केले पाहिजे. त्या गाणाऱ्यांपैकी एक आजी पुढे चैत्रात निवर्तल्या.

तेव्हापासून या वस्तूविषयी आमचे जे मत बनले, ते विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

फ्लॅश स्मृतीची कल्पना जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांची. १९८४ मध्ये त्यांनी ती शास्त्रज्ञांपुढे मांडली. पुढे कार्डांचे नाना घाट निघाले. १९९४ चे कॉम्पॅक्टफ्लॅश, १९९८ चे सोनीचे मेमरी स्टिक, २००२ चे एक्सडी. एकाच्या खाचेत दुसरे बसेल तर शपथ! अखेर १९९९ मध्ये जाहीर झालेले एसडी आणि त्याचे २००५ मधील धाकटे भावंड मायक्रोएसडी यांनीच बाजार व्यापला. मायक्रोएसडी १५ मि.मी. लांब, ११ मि.मी. रुंद आणि १ मि.मी. जाड असते. साध्या एसडीची मर्यादा २ जीबी, एसडीएचसीची ३२ जीबी, तर एसडीएक्ससीची २ टीबी. वर्तुळात छापलेला १० हा आकडा सेकंदास निदान १० एमबी लिहिण्याचा वेग दर्शवितो. पुष्कळ लोक तो टिकाऊपणाचा दाखला समजतात, तसे नाही.

आतील व्यवस्था मोठी नवलाची आहे. अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युत्कण कोंडून ठेवलेले असतात आणि भोवती निरोधक थराची भिंत असते. वीज बंद केली तरी कण आतच राहतात, म्हणून मजकूर टिकतो. परंतु प्रत्येक वेळी लिहिता-पुसताना ती भिंत थोडी थोडी झिजते. आणि कार्ड वर्षानुवर्षे नुसते पडून राहिले तरी कण हळूहळू पाझरतात. खोट्या कार्डात याहून निराळाच प्रकार असतो. त्यातील नियंत्रक चकतीस जागा फुगवून सांगण्यास शिकविलेले असते, संगणक बापडा त्यावर विश्वासतो आणि जास्तीचा मजकूर कोठेच उमटत नाही.

म्हणून आम्हांस वाटते की, कार्ड ही पालखी समजावी. देव तीतून मिरवतो, परंतु राहतो गाभाऱ्यात. कॅमेऱ्यातून संगणकापर्यंत चित्रे न्यावयास, आजोबांच्या लहानशा स्पीकरवर भजने लावावयास कार्डासारखे सोयीचे साधन नाही. मात्र मुंजीचे, लग्नाचे, बोटीवर नोकरीस गेलेल्या मुलाचे चित्रण एकाच कार्डात घालून ते कपाटात ठेवणे आम्हांस धोक्याचे वाटते. त्याच्या निदान दोन प्रती निराळ्या साधनांवर करून त्यांतील एक घराबाहेर, एखाद्या नातलगाकडे ठेवावी. नवे कार्ड एकदा काठोकाठ भरून, भरलेले सारे उघडते की नाही हे पाहिल्यावाचून कामास लावू नये. लिहिणे चालू असता ते उपटू नये. चुकून काही पुसले गेले, तर त्यावर पुन्हा काहीही न लिहिता जाणत्याच्या हाती द्यावे; पुष्कळदा ते परत मिळते. आमचे मिळाले नाही, कारण ते मुळात लिहिलेच गेले नव्हते.

यंदाच्या पौषात मुली पुन्हा जाणार आहेत. दोन कार्डे आम्ही आताच भरून तपासली आहेत. आजींच्या तोंडची गाणी कोणास येतात, याची चौकशी त्यांच्या थोरल्या सुनेकडे चालू आहे. तिला दोन पुरती येतात, तिसरे अर्धे.