पाणी काचेसारखं, नायट्रेट ८०



आमच्या अ‍ॅशबर्नच्या घरी १२५ गॅलनची टाकी आहे. मध्यंतरी नायट्रेट ८० पीपीएम निघालं. घाबरून मी एका दुपारीच जवळजवळ सगळं पाणी बदललं. सकाळी दोन ऑस्कर उलटे! दोष माझ्या घाईचा. जुन्या टाकीत पीएच हळूहळू उतरलेला असतो. नव्या पाण्याने तो एकदम चढला की पाण्यातल्या निरुपद्रवी अमोनियमचा विषारी अमोनिया होतो. मुलीला मात्र हे समजावता आलं नाही.

मग कागदावर गणित मांडलं. आठवड्याला १० पीपीएम वाढ आणि पाव टाकी पाणी बदल, तर बदलाआधीचा आकडा ४० वरच येऊन अडकतो. निम्मं बदललं तर २०. नाहीतर मग खाणं कमी करायचं. (आमच्याकडे पाहुणेसुद्धा टाकतात, काय सांगणार!)

नळाचं पाणीही तपासा. ईपीएची १० ची मर्यादा नायट्रोजन म्हणून असते. नायट्रेट मोजणाऱ्या किटवर ती साधारण ४४ होते. शिवाय लाउडन वॉटरच्या पाण्यात बहुतेक वर्षभर क्लोरामाइन असतं, त्यामुळे मुंबईसारखं रात्रभर बादलीत ठेवून भागत नाही, कंडिशनर लागतोच.

आता रोज दहा टक्के बदलत खाली आणतोय. मनी प्लँटच्या मुळ्या पाण्यात सोडल्यात. काल ४० चा रंग आला. किटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवून, हं!