कागदावरचे जंगल आणि कागदावरचे शहर

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव या माओवादी म्होरक्याने साठ सहकाऱ्यांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. चार दशके ज्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रात केवळ भूसुरुंग आणि चकमकींच्या निमित्ताने छापले गेले, त्या जिल्ह्याच्या इतिहासातील हा सोन्याचा दिवस होय. त्यासाठी प्राण वेचणाऱ्या पोलीस जवानांपुढे आणि ‘खबरी’ ठरवून ठार मारल्या गेलेल्या निरपराध वनवासी बांधवांपुढे नतमस्तक होऊनच पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. माओवादी आकाशातून पडले नव्हते. जेथे राज्य पोहोचले नाही, तेथे ते पोहोचले. आता ते निघून गेल्यावर ती रिकामी जागा कोण भरणार?

या प्रश्नाचे उत्तर अबुझमाडच्या डोंगरात शोधण्याचे कारण नाही. ते आरमोरीत शोधावे. वैनगंगेच्या काठी, नागपूर–गडचिरोली मार्गावर वसलेले हे गाव लाल दहशतीचे केंद्र कधीच नव्हते. धानाच्या गिरण्या, आठवडी बाजार, ऐन-अर्जुनाच्या झाडांवर जोपासल्या जाणाऱ्या कोशापासून निघणारे टसर रेशीम आणि जवळच्या वैरागडाचा प्राचीन वारसा हे सारे तेथे आहे. गावाला नगरपरिषद लाभली आणि २०१९ साली तिची पहिली निवडणूकही झाली. म्हणजे कागदावर आरमोरी हे शहर झाले. परंतु शहर होण्यासाठी लागणारी जमीन आणि माणसे या दोन्ही गोष्टी कागदाच्या दुसऱ्या बाजूस अडकून पडल्या आहेत. त्या कोणी अडकवल्या, हे स्पष्टपणे सांगण्याची वेळ आली आहे.

एका नोंदीची किंमत

पूर्व विदर्भातील नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ अशी एक नोंद आढळते. जुन्या मध्य प्रांताच्या मालगुजारी व्यवस्थेतून आलेली ही नोंद. गावाची गुरे चारावीत, सरपण आणावे, निस्तार हक्क चालावा यासाठी राखलेली झुडुपांची पडीक जमीन, इतकाच तिचा अर्थ होता. १९५६ साली हे जिल्हे मध्य प्रदेशातून वेगळे होऊन मराठी मुलखात आले, तेव्हा नोंदही बरोबर आली. १९८० साली वनसंवर्धन कायदा झाला. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात ‘वन’ या शब्दाची व्याप्ती वाढवली. आणि जेथे गुरे चरत होती, शाळा भरत होती, प्रेते जळत होती, ती जमीन एका रात्रीत कायद्याच्या दृष्टीने अरण्य झाली. वनव्यवस्थापनास अयोग्य ठरलेली अशी झुडपी जमीन ८६,४०९ हेक्टर आहे, असा राज्य शासनाचाच हिशेब होता.

अशा मुलखात वाढणाऱ्या गावाला दवाखान्याची इमारत, पाण्याची टाकी, वसतिगृह किंवा कचऱ्यासाठी जागा हवी असेल, तर काय होते? जागा डोळ्यांसमोर असते, निधीही मंजूर होतो. आणि सातबाऱ्यावरच्या दोन शब्दांपाशी येऊन प्रस्ताव थांबतो. मग तो तहसीलमधून उपविभागाकडे, वनविभागाकडे, नागपूरला आणि तेथून दिल्लीच्या वाटेला लागतो. दरम्यान निधी परत जातो. तुलतुली आणि कारवाफा ही रखडलेल्या सिंचन प्रकल्पांची नावे या जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या दोन पिढ्यांना पाठ झाली, ती वनकायद्यामुळेच. वडसा–गडचिरोली हा सुमारे ५२ किलोमीटरचा लोहमार्ग. त्याला मंजुरी मिळून दशक उलटले तरी त्यावरून गाडी धावली नव्हती.

२२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने या कोंडीतून वाट काढली. झुडपी जमीन वनच मानावी, मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी तिच्यावर झालेल्या वाटपास संरक्षण मिळावे, त्यासाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवावेत, असा तो निर्णय. हजारो घरांचा आणि शाळांचा जीव भांड्यात पडला. परंतु १९९६ नंतर वाढलेल्या वस्तीचे काय आणि २०३६ साली लागणाऱ्या रुग्णालयाचे काय, हा प्रश्न उरतोच. न्यायालय मागचे निस्तरू शकते. पुढचे नियोजन करणे हे शासनाचे काम आहे.

वनहक्क कायद्याने, २००६ साली, शाळा, अंगणवाडी, दवाखाना अशा तेरा सुविधांसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देण्याची तरतूद केली. ती ग्रामसभेच्या शिफारशीवर उभी आहे. आरमोरी आता नगरपरिषद! मग शिफारस कोणी करायची? गाव शहर झाले म्हणून त्याच्या हातातले एक साधन दुबळे व्हावे, हा विनोद नव्हे काय?

तारखांचा न्याय

आता जरा मुंबईकडे पाहू. तेथे सरकारी आणि खासगी जमिनीवर उभ्या राहिलेल्या झोपड्यांसाठी १ जानेवारी १९९५ ही तारीख ठरली. मग ती २००० झाली. मग सशुल्क घरासाठी २०११ झाली. गरिबाला छप्पर मिळाले याचे दुःख कोणालाही असू नये. तो आपलाच बांधव आहे. परंतु हाच न्याय जंगलाच्या काठी राहणाऱ्याला का नाही? वनहक्क कायद्यात त्याच्यासाठी १३ डिसेंबर २००५ ही तारीख आहे. शिवाय तो अनुसूचित जमातीचा नसेल, म्हणजे धीवर असेल, कुणबी असेल, माळी असेल, तर त्याने तीन पिढ्यांचा, अर्थात पंचाहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध केला पाहिजे. ज्याच्या आजोबाला अक्षर ठाऊक नव्हते, त्याच्या नातवाकडे हे राज्य पाऊण शतकाचा पुरावा मागते! महानगरातील तारीख मतपेटी पाहून पुढे सरकते. अरण्यातील तारीख दगडासारखी स्थिर राहते.

याच जिल्ह्यात चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व बंगालातून आलेल्या हिंदू निर्वासितांची गावे आहेत. फाळणीने त्यांचे घर हिरावले आणि १९६० च्या दशकात त्यांना या रानात आणून वसवले गेले. त्यांनी रान मोडून धान पिकवले; पण कसलेल्या जमिनीच्या निर्वेध मालकीसाठी दशकानुदशके त्यांना अर्ज घेऊन फिरावे लागले. ‘भोगवटादार वर्ग दोन’ या शिक्क्याची जमीन शासनाच्या परवानगीवाचून विकता येत नाही आणि बँक तिच्यावर सहजी कर्ज देत नाही. कर्ज नाही म्हणून दुकान नाही, दुकान नाही म्हणून बाजारपेठ नाही, बाजारपेठ नाही म्हणून कर नाही आणि कर नाही म्हणून रस्ता, दिवा, नळ नाही. शहराची अर्थव्यवस्था अशी सातबाऱ्याच्या कोऱ्या रकान्यापाशी गुदमरते.

डोकी मोजणारे राज्य

जमिनीचा हा हिशेब माणसांच्या हिशेबाशी जोडला, म्हणजे संकटाचे खरे रूप दिसते. १९९१ ते २००१ या दशकात गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या २३ टक्क्यांनी वाढली होती. पुढच्या दशकात ती वाढ १०.५८ टक्क्यांवर आली. शेजारच्या चंद्रपुरात तर ती ६.४३ टक्के होती. त्याच दशकात ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी फुगला! एकीकडे लोकलच्या दारात लोंबकळणारा माणूस, दुसरीकडे मिरची तोडणीसाठी कुलूप लावून तेलंगणात गेलेले घर. ही एकाच चुकीची दोन टोके होत.

आपले राज्य सुविधा देते ती डोकी मोजून. आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. पण २०११ साली गडचिरोलीत एका चौरस किलोमीटरमध्ये ७४ माणसे होती आणि महाराष्ट्रात ३६५. २० हजारांचा आकडा भरण्यासाठी येथे किती कोस तुडवावे लागतात, याचा विचार निकष करीत नाही. प्रसूतीच्या वेदना मात्र कोसांनी मोजाव्या लागतात. विधानसभेत मुंबईचे ३६ आमदार बसतात. १४,४१२ चौरस किलोमीटरच्या गडचिरोलीचे तीन. १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची जनगणना होईल आणि मतदारसंघांची पुनर्रचनाही आज ना उद्या होईल. माणसे शहरांकडे वाहत राहिली, तर या मुलखाचा आवाज आणखी क्षीण होईल.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या वाटणीत वनक्षेत्राला दहा टक्के भार दिला. महाराष्ट्राच्या पदरी त्यातून जे पडले, ते प्रामुख्याने गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांच्या वनांमुळे. मग तितकाच भार राज्याने आपल्या जिल्ह्यांना आणि नगरपरिषदांना निधी वाटताना द्यावा, ही मागणी अवाजवी कशी? ज्याने वन राखले, त्याच्या वाट्याला निर्बंध आणि वनाचे मोल मात्र राजधानीच्या तिजोरीत, याला न्याय म्हणत नाहीत.

आपल्या घरातला प्रश्न

वातानुकूलित सभागृहात बसून ‘जंगल वाचवा’ म्हणणाऱ्यांस एवढेच सांगावयाचे की, वन वाचवले ते वनवासींनी. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावाने जंगल विकून खाल्ले नाही, बांबूतून रोजगार उभा केला. मालकी मिळालेला माणूसच राखणदार होतो. आणि झुडपी नोंदींचा फेरविचार म्हणजे ती जमीन ठेकेदारांना वाटण्याचा परवाना, असे कोणी समजत असेल, तर त्यालाही आमचा तितकाच ठाम विरोध राहील. सुरजागडचे लोखंड राष्ट्राच्या कामी यावे, पण त्या संपत्तीतून दवाखाना आणि तंत्रशाळा आधी याच मातीत उभी राहावी.

प्रश्न आपल्यालाही आहे. १ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात पूजनीय सरसंघचालकांनी जननदर २.१ च्या खाली जाणे समाजाच्या अस्तित्वास घातक असल्याचे सांगितले. महाराष्ट्राचा दर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १.७ वर आला आहे. इशारा योग्यच आहे. पण आरमोरीच्या तरुणाला तो ऐकवण्याआधी त्याच्या विवाहाला घर, घराला सातबारा आणि पत्नीच्या बाळंतपणाला जवळ डॉक्टर आहे का, हे कोण विचारणार? लोकसंख्येवरची व्याख्याने ऐकून गावे भरत नाहीत. दीनदयाळजींचा अंत्योदय भूमी अभिलेख कार्यालयाच्या पायरीपर्यंत न्यावा लागतो. आज दिल्लीत आणि मुंबईत आपल्या विचारांचे सरकार आहे. आता ‘साठ वर्षे त्यांनी काय केले’ एवढे विचारून आपली सुटका नाही.

म्हणून शासनाने जिल्हावार झुडपी जमिनींचे प्रस्ताव कालमर्यादेत केंद्राकडे पाठवावेत. नगरपरिषद क्षेत्रात सार्वजनिक सुविधांसाठी भूमी राखीव करावी. विरळ वस्तीच्या भागात सुविधांचा निकष डोक्यांबरोबर अंतरावरही ठरवावा. आणि कार्यकर्त्यांनी काय करावे? प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील वनहक्क दाव्यांची यादी करावी, निरक्षर वृद्धांचे जबाब लिहून घ्यावेत, फेटाळलेल्या दाव्यांची अपिले तयार करावीत. जनगणनेत परगावी गेलेल्या कुटुंबांची नोंद सुटणार नाही, याची दक्षता घ्यावी. काम रूक्ष आहे, त्यात ना घोषणा ना पुष्पहार. पण भूपतीची बंदूक ज्या भूमीवर ठेवली गेली, ती भूमी ज्याची आहे त्याच्या नावावर लागली, तरच ती बंदूक पुन्हा कोणी उचलणार नाही.