शेवटच्या कडव्यातले नाव : भीमगीतांच्या कॅसेट कोण जपणार?



एप्रिल महिना लागला की आपल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये भीमगीतांचे तुकडे फिरू लागतात. तीस सेकंदांचा मुखडा, मागे निळे झेंडे, मिरवणुकीतली गर्दी. पाहून छाती भरून येते. पण तो तुकडा पाठवणाऱ्या दहा जणांना विचारा, हे गाणे लिहिले कोणी? पहिल्यांदा गायले कोणी? ढोलकीवर कोण होते? आम्ही हे अनेकदा विचारून पाहिले आहे. गायकाचे नाव कधीकधी मिळते, कवीचे क्वचित, वादकाचे जवळजवळ कधीच नाही.

खरे तर आपल्या कवींनी याची सोय करून ठेवली होती. वामनदादा कर्डकांची गीते शेवटपर्यंत ऐका. शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव ओळीत गुंफलेले सापडेल. ही नाममुद्रेची पद्धत संतांच्या अभंगांत आहे, शाहिरांच्या कवनांत आहे आणि आपल्या गायन पार्ट्यांच्या कवींनीही ती उचलली. ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता, ज्यांचे पुस्तक छापायला प्रकाशक तयार नव्हता, त्यांनी आपले नाव गाण्यातच ठेवून दिले. गाणे जिथे जाईल तिथे नाव जाईल, हा त्यामागचा हिशेब होता. तीस सेकंदांच्या तुकड्याने तो मोडला. मुखडा राहिला, पहिला अंतरा कसाबसा राहिला, शेवटचे कडवे गेले आणि त्याच्यासोबत कवीही गेला.

गेली काही वर्षे आम्ही चार-पाच मित्रमैत्रिणी भीमगीते, बुद्धगीते आणि वस्त्यांमधल्या कार्यक्रमांच्या जुन्या कॅसेट गोळा करतो, त्या संगणकावर उतरवतो आणि प्रत्येकीची नोंद लिहितो. या कामात काय त्रास होतो आणि काय हाती लागते, हे सांगण्यासाठी हा लेख. आमचे म्हणणे एवढेच आहे की गाणे जपणे आणि गाणाऱ्याचे, लिहिणाऱ्याचे नाव जपणे ही एकच गोष्ट आहे. हा कुणा चार हौशी लोकांचा छंद समजू नये. हे चळवळीचे काम आहे.

गाणे आपल्यापर्यंत कसे आले

सत्यशोधक जलशांच्या वाटेने आंबेडकरी जलसे आले. जलशाची ताकद सांगणारे बाबासाहेबांचे म्हणून एक वाक्य आपण प्रत्येक मंचावरून ऐकवतो. पण पाच जलसाकारांची नावे सांगा म्हटले की मंचावर शांतता पसरते. भीमराव कर्डकांचे नाव तरी आपल्याला ठाऊक आहे आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे त्यांनी स्वतः 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून ठेवले. जलसा करणाऱ्याने जलशाचा इतिहास लिहिला म्हणून तो आपल्या हाती आला. ज्यांनी लिहिला नाही, त्यांच्या पार्ट्या त्यांच्यासोबतच संपल्या.

पुढे गायन पार्ट्या आल्या, कव्वालीचे सामने आले, तबकड्या आल्या. १९८० नंतर स्वस्त कॅसेटने सगळे चित्र पालटले. रेडिओने आणि बड्या कंपन्यांनी ज्यांना फारशी जागा दिली नव्हती, ते आवाज चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून गावोगाव पोहोचले. मग सीडी आली, मग गाणी भरून दिलेले मेमरी कार्ड आले. या प्रवासातल्या प्रत्येक टप्प्यावर नावे गळत गेली. कॅसेटच्या कव्हरवर गायकाचा फोटो असायचा, आतल्या पट्टीवर बारीक अक्षरात कवीचे नाव असायचे, कोरसला 'आणि साथी' एवढ्यावर भागवले जायचे. मेमरी कार्डात तर ती पट्टीसुद्धा उरली नाही. फाईलचे नाव 'ट्रॅक ०७' किंवा 'जय भीम न्यू'.

बाजाराला हवे तेवढेच बाजार लक्षात ठेवतो. प्रल्हाद शिंदे यांचेच पहा. आषाढी आली की त्यांची विठ्ठलाची गाणी महाराष्ट्रभर वाजतात. त्याच गळ्यातून निघालेली भीमगीते मात्र आपल्या वस्तीबाहेर किती जणांनी ऐकली आहेत? गायक एकच, आवाज एकच. कोणती आठवण ठेवायची आणि कोणती नाही, हे गाण्याचा दर्जा ठरवत नाही. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक वर्चस्व म्हणतात. वस्तीत त्यासाठी वेगळ्या शब्दाची गरज पडत नाही.

त्रास कोणते

पहिला त्रास वस्तूचाच. कॅसेटची फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर. दमट हवेत तिच्यावर पांढरी बुरशी धरते, थर सुटू लागतो, हेडवर तपकिरी भुकटी जमते. फीत हेडला टेकवून धरणारा फेल्टचा छोटा तुकडा गळून पडलेला असतो. मग स्क्रू काढून फीत दुसऱ्या खोक्यात बसवायची. खोके चिकटवलेले असेल तर ते जपून फोडायचे. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटेच लागतात, त्यात घाई चालत नाही. दाब न देता साठवली तर एका तासाची फाईल सहाशे एमबीच्या पुढे जाते. चांगला कॅसेट डेक आता भंगारात किंवा जुन्या बाजारातच मिळतो आणि तो दुरुस्त करणारे कारागीर म्हातारे झाले आहेत.

दुसरा त्रास उशिराचा. एखाद्या शाहिराच्या घरी पोहोचावे तर कळते की गेल्या दिवाळीच्या साफसफाईत पेटीभर कॅसेट भंगारवाल्याला दिल्या. घरच्यांना दोष देता येत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथे न वाजणाऱ्या कॅसेट कुठे ठेवणार? आपल्याकडे वाडे नाहीत, माळे नाहीत. ज्यांच्याकडे जागा होती त्यांचा इतिहास ट्रंकेत टिकला. आपला इतिहास जागेअभावी किलोवर विकला गेला.

तिसरा त्रास हक्काचा. एका वस्तीतल्या कार्यक्रमाचे घरगुती ध्वनिमुद्रण आम्ही कुटुंबाच्या परवानगीने इंटरनेटवर ठेवले. दोन दिवसांत एका कंपनीच्या नावाने यंत्राकडून दावा आला, कारण चाल त्यांच्याकडच्या एका गाण्याशी जुळत होती. ज्या कवीने ते गाणे लिहिले, त्याला त्या काळी एकरकमी किरकोळ पैसे मिळाले होते. त्याच्या घरी पुढे कधी रॉयल्टी आली नाही. यंत्राला कंपनी ओळखता येते, कवी ओळखता येत नाही.

चौथा त्रास आपल्याच माणसांचा आणि तो सर्वांत जास्त बोचतो. रात्र रात्र जागून लिहिलेली नोंद पाचजण वाचतात. मंडळे जयंतीच्या डीजेसाठी सहज वर्गणी काढतात, पण एका हार्ड डिस्कसाठी आम्हाला चार बैठका कराव्या लागल्या. आम्ही डीजेच्या विरोधात नाही. डीजेने भीमगीत भर रस्त्यावर, ज्यांना ते ऐकायचे नव्हते त्यांच्याही कानांवर घातले. प्रश्न फक्त इतकाच आहे की जे गाणे वाजवायला पैसे आहेत, ते वाचवायला का नसावेत?

दोन आक्षेप

कार्यकर्ते विचारतात, अत्याचाराच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्त्या थकल्या आहेत, खाजगीकरणाने आरक्षण पोकळ होत चालले आहे. अशा वेळी कॅसेट कसल्या गोळा करता?

आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तरही आपल्याच इतिहासात आहे. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध न झालेली कितीतरी हस्तलिखिते त्यांच्या मागे राहिली होती. ती शोधून, लावून, संपादित करण्यात वसंत मून यांनी आयुष्याची वर्षे घातली. महाराष्ट्र शासनाचा पहिला खंड १९७९ साली आला. 'रिडल्स' असलेला चौथा खंड १९८७ साली आला आणि त्यावरून किती मोठे रण माजले हे आपल्याला माहीत आहे. जुने कागद जपणे हे त्या काळीही कुणाला बिनमहत्त्वाचे वाटले असेल. आज त्याच कागदांच्या बळावर आपण युक्तिवाद करतो.

आणि अत्याचाराचेच म्हणाल, तर ११ जुलै १९९७ आठवा. घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. त्या धक्क्याने शाहीर विलास घोगरे यांनी चार दिवसांनी स्वतःचे जीवन संपवले. आज त्यांचा चेहरा आणि आवाज आपल्याला पाहता-ऐकता येतो, कारण आनंद पटवर्धन यांनी त्यांना 'हमारा शहर'मध्ये चित्रित केले होते आणि पुढे चौदा वर्षे खपून 'जय भीम कॉम्रेड' उभा केला. त्या वेळी कॅमेरा नसता तर घोगरे हे आपल्यापैकी अनेकांसाठी पोलीस पंचनाम्यातले एक नाव राहिले असते. अन्यायाची साक्ष कागदावर असते तशी गाण्यातही असते.

दुसरा आक्षेप असा की गाणे समाजाचे आहे, त्यावर कुणा एकाचे नाव कशाला? ऐकायला हे समतावादी वाटते. पण या देशात कोणाचे श्रम बिननावाचे राहिले, ते पहा. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव असते, पायरी घडवणाऱ्याचे नसते. श्रम घ्यायचे आणि नाव पुसायचे ही जातिव्यवस्थेची जुनी रीत आहे. तीच रीत आपण आपल्या कवींच्या बाबतीत समतेच्या नावाने का चालवावी? नाव लिहिले म्हणून गाणे कुणाची खाजगी मालमत्ता होत नाही. ते सगळ्यांनी गावे, फक्त कोणाचे आहे हे ठाऊक असावे.

कायदाही हेच सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार, कवीने हक्क विकून टाकले तरी ते काव्य आपले आहे असे सांगण्याचा त्याचा अधिकार संपत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कवी आणि संगीतकारांना रॉयल्टीत वाटा दिला आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना कलावंत म्हणून आपले नाव लागण्याचा हक्क दिला. आमच्या कार्यकर्त्या वकिलांनी हे वाचावे आणि कवींच्या घरच्यांना समजावून सांगावे.

मग मिळते काय?

पैसा मिळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण आमच्या नोंदवहीत प्रत्येक कॅसेटसमोर रकाने आहेत : कवी, चाल, गायक, कोरस, पेटी, ढोलकी, गाव, वर्ष. माहिती नसेल तर रकाना कोरा ठेवतो, अंदाजाने भरत नाही. एका कार्यक्रमाच्या मुद्रणात ढोलकी अशी काही वाजली आहे की आम्ही ती पुन्हा पुन्हा ऐकली आणि रकाना कोरा ठेवून नोंद सगळ्यांसाठी खुली केली. आठ महिन्यांनी एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "दादा, ती ढोलकी आमच्या वडिलांची हाय. ते म्युन्सिपाल्टीत सफाईला होते. मधेच 'हं' म्हणत्यात ना, तो त्यांचाच आवाज." त्यांच्या घरी वडिलांचा एकच फोटो होता, आवाज कुठेच नव्हता. आम्ही ती फाईल त्यांना पाठवली आणि रकान्यात नाव लिहिले. त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाही हे काम बिनमहत्त्वाचे वाटले नाही.

दुसरे फळ अभ्यासाचे. एकच गाणे तीन पार्ट्यांच्या तीन कॅसेटवर ऐकले की कळते, कुठे कडवे वाढले, कुठे नामांतराचा संदर्भ आला, कुठे बाईच्या तोंडी ओळ बदलली. लोकांची विचारप्रक्रिया कशी चालली याची ही साधने आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करताना ओवीसोबत बाईचे आणि गावाचे नाव लिहून ठेवले. म्हणून माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आज त्यांच्या नावानिशी ऐकता येतात. हाच नमुना आपण डोळ्यांसमोर ठेवावा.

काय करता येईल

पुढच्या रविवारी आपल्या वस्तीतल्या सर्वांत जुन्या गायन पार्टीच्या माणसाकडे जा. मोबाईलवर त्याचे बोलणे रेकॉर्ड करा. साथीदारांची नावे विचारा आणि बायकांची नावे वेगळी विचारा, कारण ती आपण होऊन सांगितली जात नाहीत. कॅसेट सापडली तर लगेच वाजवू नका. आधी कव्हरच्या दोन्ही बाजूंचे आणि आतल्या पट्टीचे फोटो काढा. कंपनीच्या ध्वनिमुद्रणावर प्रकाशनापासून साठ वर्षे हक्क असतो, म्हणून ते जसेच्या तसे वाटू नका, त्याची नोंद करा. घरगुती मुद्रण कुटुंबाला विचारून मगच खुले करा. प्रत दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक त्या कुटुंबाकडे. जयंती मंडळाने वर्गणीतला एक छोटा वाटा दरवर्षी या कामासाठी काढावा. आणि विहारात महिन्यातून एकदा एक गाणे अखेरच्या कडव्यापर्यंत ऐकण्याचा कार्यक्रम ठेवावा.

यंदाच्या जयंतीला भीमगीताचा तुकडा पुढे पाठवाल, तेव्हा खाली कवीचे नाव लिहा. माहीत नसेल तर पूर्ण गाणे ऐका. बहुतेक वेळा ते शेवटच्या कडव्यात सापडेल.

जय भीम! जय भारत!