‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणजे नेमकं काय?

महाराष्ट्रात सर्वांत जास्त बोललं जाणारं वाक्य कोणतं, असा प्रश्न कुणी क्विझमध्ये विचारला तर माझं उत्तर तयार आहे – “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या!” दाखला काढायला जा, सातबारा काढायला जा, स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला बसा, वाक्य तेच. माझ्या वडिलांनी एका दाखल्यासाठी तीन चकरा मारल्या आणि तीन दिवसांची मजुरी बुडवली. खिडकीमागच्या माणसाला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्या हातात फक्त माऊस असतो. पण त्या सर्व्हरच्या मागे कुठेतरी एक इंजिनिअर बसलेला असतो. माझा प्रश्न त्याला, म्हणजेच उद्याच्या आपल्याला आहे : बाबा रे, डाऊन म्हणजे नेमकं काय झालंय, हे तू मोजून बघितलंस का?

आपण डीबीएमएस शिकतो. सिल्बरशात्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचं जाडजूड पुस्तक सगळ्यांच्या रॅकवर असतं (त्यातले सुदर्शन सर आयआयटी मुंबईचे, हे किती जणांना ठाऊक आहे?). बफर, लॉक, ट्रान्झॅक्शन सगळं त्यात आहे. पण प्रॅक्टिकलला आपण काय करतो? एम्प्लॉयी आणि डिपार्टमेंटचं टेबल, त्यात दहा ओळी, एक जॉइन, प्रिंटआऊट, जर्नल, सही. संपलं! अहो, दहा ओळींच्या टेबलवर कुठलीही क्वेरी विमानासारखीच पळणार. खरी परीक्षा दहा लाख ओळी आणि पाचशे माणसं एकदम आल्यावर असते.

आता मायएसक्यूएलचंच बघा. त्याच्या पोटात डेटा सांभाळणारं इंजिन आहे इन्नोडीबी. फिनलंडच्या हेइक्की टूरी यांनी ते तयार केलं, २००५ साली त्यांची कंपनी ओरॅकलने घेतली आणि २०१० मध्ये आलेल्या मायएसक्यूएल ५.५ पासून तेच डीफॉल्ट इंजिन झालं. या इंजिनात शेकडो काउंटर आहेत. किती वेळा पान मेमरीत शोधलं, किती वेळा डिस्कवर जावं लागलं, कोण कुणाच्या लॉकसाठी थांबलं, सगळ्याची मोजदाद चालू असते. २०१३ च्या ५.६ आवृत्तीपासून तर ‘इन्नोडीबी मेट्रिक्स’ नावाचं टेबलच मिळतं. साधी सिलेक्ट क्वेरी मारा आणि वाचा! त्यातले बरेच काउंटर मुद्दाम बंद ठेवलेले असतात, कारण मोजायलाही थोडी मेहनत पडतेच. हवे तेवढेच चालू करायचे.

वाचायचं कसं? आपल्या घरच्या विजेच्या मीटरसारखं. मीटरवर ८४५० दिसलं म्हणून कुणी तेवढ्या युनिटचं बिल भरत नाही. या महिन्याच्या आकड्यातून मागच्या महिन्याचा वजा करतो. इथले बहुतेक काउंटरही सर्व्हर चालू झाल्यापासून वाढतच जातात. म्हणून एकदा वाचा, दहा मिनिटांनी पुन्हा वाचा आणि वजाबाकी करा. अर्थ त्या फरकात असतो.

समजा, त्या दहा मिनिटांत पान मागण्याचा आकडा १० लाखांनी वाढला आणि डिस्कवर जाण्याचा फक्त १ हजाराने. म्हणजे हजारात एकदाच डिस्क. मेमरी पुरेशी आहे. तोच आकडा २ लाखांनी वाढला तर बफर पूल अपुरा पडत असावा. आणि गंमत ऐका, हा पूल डीफॉल्ट १२८ एमबीचाच असतो! ३२ जीबीचं मशीन घ्यायचं आणि सेटिंगला हातच लावायचा नाही, म्हणजे वाडा बांधून ओसरीवर झोपण्यासारखं आहे.

पण इथे एक खोच आहे. हजारात एकदाच डिस्क, तरी पोर्टल रडतंय, असंही होतं. तेव्हा किती ओळी वाचल्या तो काउंटर बघायचा. एका रोल नंबरचा निकाल द्यायला इंजिन लाखभर ओळी चाळत असेल, तर इंडेक्सच नाही असं समजा. मेमरीत चाळलं म्हणून काय झालं, चाळलं तर लाखच ना! आणि ओळीही कमीच वाचल्या जात असतील तर लॉकचा काउंटर बघा. एकाने ट्रान्झॅक्शन उघडून ठेवलं आणि चहाला गेला, की त्याने अडवलेली ओळ बदलू पाहणारे मागचे सगळे खोळंबतात. डीफॉल्टनुसार प्रत्येक जण ५० सेकंद वाट बघतो आणि मग एरर! लक्षण एकच, ‘स्लो आहे’. रोग मात्र तीन, आणि तिघांची औषधं वेगळी.

आणि आपण करतो काय? “अबे, रीस्टार्ट मार ना!” रीस्टार्ट मारला की हे काउंटर पुन्हा शून्यावर. म्हणजे पंचनामा होण्याआधीच जागा धुऊन टाकली! थोडा वेळ बरं वाटतं, चार दिवसांनी तेच रडगाणं. मग ‘नवीन सर्व्हर घ्या’ म्हणून टेंडर निघतं. नसलेला इंडेक्स नव्या सर्व्हरवरही नसतोच. माझं स्पष्ट मत आहे की आकडे टिपल्याशिवाय रीस्टार्टला हात लावू नये. दोन मिनिटं लागतात, जास्त नाही.

काही जण म्हणतील, आता सगळं क्लाउडवर आहे, ते लोक बघून घेतात. बघत नाहीत हो, दाखवतात! ग्राफ रंगीत असतो, आकडे हेच असतात. वाचणारा नसेल तर मोठं मशीन भाड्याने घ्यायचं आणि दर महिन्याला बिल भरायचं. काही सर म्हणतील, सिलॅबस आधीच भरगच्च आहे. मान्य. पण एम्प्लॉयी टेबलच्या दहा प्रॅक्टिकलपैकी एक कमी करून हे बसतं. दहा लाख ओळी भरा, इंडेक्स काढा, काउंटर टिपा, इंडेक्स लावा, पुन्हा टिपा. दोन तासांचं काम. पुण्यात १९९० साली सुरू झालेली पर्सिस्टंट डेटाबेसच्या कामावर वाढली आणि आज आपल्या नागपूरच्या आयटी पार्कमध्येही तिचं ऑफिस आहे. अशा ठिकाणी मुलाखतीला जाऊन नॉर्मल फॉर्म पाठ म्हणून दाखवणारे शंभर असतील. स्लो का आहे, हे मोजून सांगणारा कितव्या नंबरवर असेल, तुम्हीच विचार करा.

आणखी एक गोष्ट. आकडे फक्त बिघडल्यावर बघून भागत नाही. डॉक्टरला ताप कळतो, कारण धडधाकट माणसाचं तापमान त्याला ठाऊक असतं. तसंच सर्व्हर मजेत असतानाचे आकडेही वहीत हवेत. ती वही सध्या फारच थोड्या ठिकाणी असेल, अशी मला शंका आहे.

असो. आपल्यापैकी कुणी ना कुणी उद्या अशाच एखाद्या पोर्टलच्या मागे बसणार आहे. त्या दिवशी ‘डाऊन आहे’ म्हणण्याआधी त्याने तीन काउंटर वाचले, तर कुणाच्या तरी बापाची एक चकर वाचेल. पटत असेल तर पुढच्या लॅबपासून सुरुवात करू. पटत नसेल तर मेसमध्ये भेटा, वाद घालू!