होम थिएटर घेताना : दणका हवा की शब्द?

कऱ्हाडच्या एका वाचक भगिनीचे पत्र या खेपेस हाती आले आहे. भिशीचे १५,००० रुपये मिळाले आहेत. घरात भिंतीवर लावायचा मोठा चपटा टीव्ही आहे, पण सासूबाईंची रोजची तक्रार, "अगं, काय बोलतात ते कळतच नाही, नुसती ढणढण ऐकू येते." यजमानांनी आणि कॉलेजातल्या चिरंजीवांनी दुकानात एक संच हेरून ठेवला आहे. पाच लहान स्पीकर, एक मोठे खोके, आणि वेष्टनावर ठळक अक्षरांत '१०,००० वॅट'. किंमत साडेचौदा हजार. "घेऊ का? पुन्हा पाच-सहा वर्षं असा खर्च जमायचा नाही," असे त्या विचारतात.

माझे स्पष्ट उत्तर : तो संच घेऊ नका. आता का ते सांगते.

आधी, टीव्हीवरचे बोलणे कळत का नाही ते पाहू. जुना खोक्यासारखा टीव्ही आठवा. त्याच्या पोटात भरपूर जागा होती आणि बहुधा त्याचे स्पीकर आपल्याकडे तोंड करून बसवलेले असत. चपट्या टीव्हीत ती जागाच उरली नाही. त्याचे चिमुकले स्पीकर बहुतेक वेळा खाली किंवा मागे तोंड करून असतात. म्हणजे आवाज आधी भिंतीवर आपटतो आणि मग आपल्यापर्यंत येतो. त्यात आपल्या बैठकीच्या खोल्या कशा? खाली गुळगुळीत फरशी, खिडकीला काच, भिंती मोकळ्या. आवाज घुमतो आणि शब्दांच्या कडा पुसल्या जातात. म्हणून पैसे खर्च करण्याआधी जाड पडदे लावून आणि सतरंजी अंथरून पाहा. टीव्हीच्या 'सेटिंग'मध्ये आवाजाचे वेगवेगळे प्रकार असतात, त्यांत 'क्लिअर व्हॉइस' किंवा तशा अर्थाचे काही असले तर ते लावून पाहा. सिनेमाच्या ॲपमध्ये भाषा निवडतो तिथेच कधी कधी '५.१' आणि 'स्टीरिओ' असे दोन पर्याय दिसतात. नुसता टीव्ही असेल तर 'स्टीरिओ' निवडा. कित्येकींचे काम एवढ्यावरच भागेल, बरं का!

आणि सासूबाईंचे कान एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो. तसे नसले तरी वयोमानाने आधी जातात ते बारीक, तार स्वर. 'स', 'श', 'त', 'फ' ही अक्षरे त्याच स्वरांत असतात, म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही. खर्जाचा घुमारा मात्र वय झाले तरी बऱ्यापैकी ऐकू येतो आणि तो उरल्यासुरल्या अक्षरांवर पांघरूण घालतो. आता बघा, दणकेबाज खोके आणले तर यजमान आणि चिरंजीव खूश होतील, पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्यांना आजच्यापेक्षाही कमी कळेल.

आता त्या १०,००० वॅटांचे गौडबंगाल. वेष्टनावर या आकड्याशेजारी बारीक अक्षरांत 'पीएमपीओ' लिहिलेले असते. हा क्षणभराचा, कागदावरचा आकडा. त्याला काही ठराविक मोजमाप नाही. तुम्ही 'आरएमएस' वॅट विचारा, म्हणजे संच सतत किती ताकद देऊ शकतो ते. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर यंत्राच्या पाठीवरची पट्टी वाचा. तिथे वीज किती लागते ते लिहिलेले असते. भिंतीतून ६० वॅट घेणारे यंत्र सतत १०,००० वॅट देणार कुठून? लिटरभर दूध तापवलं तर पातेल्यातून मणभर निघतं का? शिवाय आवाज दुप्पट मोठा वाटायचा तर ताकद साधारण दहापट लागते. त्यामुळे ४० की ६० या घासाघिशीत फारसा अर्थ नाही. दहा बाय बाराच्या खोलीला ४० ते ६० खरे वॅट पुष्कळ झाले.

पाच स्पीकरांचा मोहही सोडा. तेवढ्याच पैशांत दोनऐवजी पाच स्पीकर आणि एक खोके बसवायचे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार? हलका कागद आणि पातळ प्लास्टिक! त्यांतले दोन आपल्या पाठीमागे ठेवायचे असतात, पण आपला सोफा तर भिंतीला टेकलेला. वायरी दारातून न्यायच्या, त्या केरसुणीत अडकणार, उंदीर कुरतडणार. डीव्हीडीच्या काळात घरोघरी आलेल्या संचांचे हाल आठवा. मुख्य यंत्र बिघडले, सुटा भाग मिळेना. त्यातल्या कित्येकांच्या पिना वेगळ्याच, त्यामुळे चांगले असलेले पाच स्पीकरही दुसऱ्या कशाला जोडता येईनात. अजून कुणाकुणाच्या माळ्यावर ते पडून असतील.

मग घ्यायचे काय? टीव्हीखाली ठेवायचा एक साधा, चांगला साउंडबार. त्यात बोलण्यासाठी मधला वेगळा स्पीकर असेल, ज्याला '३.१' म्हणतात, आणि तो हिशेबात बसत असेल, तर डोळे झाकून तोच निवडा, कारण सिनेमातले संवाद मुख्यत्वे त्या मधल्या वाटेनेच येतात. नाहीतर '२.१' घ्या, मात्र त्याच्या खोक्याचा म्हणजे सबवूफरचा आवाज वेगळा कमी करता आला पाहिजे. दुसरी अट जोडणीची. टीव्हीच्या मागे एका भोकाशेजारी 'एचडीएमआय एआरसी' असे लिहिले आहे का पाहा, आणि साउंडबारलाही तेच हवे. मग एकच वायर पुरते आणि बहुधा टीव्हीच्याच रिमोटने आवाज लहानमोठा होतो. सासूबाईंच्या हातात दोन रिमोट देऊन बघा, म्हणजे या गोष्टीची किंमत कळेल. नुसत्या ब्लूटूथवर विसंबू नका. कित्येकदा ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून येतो.

घरात जुना, चांगल्या बनावटीचा स्टीरिओ असेल तर भंगारात देण्याआधी जाणत्या कारागिराला दाखवा. स्पीकरच्या कागदाभोवतीचे फोमचे कडे वर्षांनी भुसभुशीत होऊन गळते. ते बदलून मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत असल्या सामानाची दुकाने आहेत. टीव्हीला जोडायला एक छोटा कन्व्हर्टर लागेल. पण घरात हौसेने हे करणारे कुणी असेल तरच या वाटेला जा.

दुकानात गेल्यावर विक्रेता मारामारीचा प्रसंग लावील. लावू द्या, आणि मग मराठी बातम्या लावायला सांगा. आवाज लहान ठेवा, आठ फुटांवर बसा, सबवूफर अगदी कमी करायला लावा. शब्दन् शब्द कळतो का? सासूबाईंना बरोबर न्या आणि निकाल त्यांनाच देऊ द्या. त्या नको म्हणाल्या तर परत या, दुसरे दुकान पाहा.

टिकाऊपणाचे म्हणाल, तर ज्या कंपनीचे दुरुस्ती केंद्र तुमच्या गावात किंवा एसटीने तासाभराच्या अंतरावर आहे, तीच निवडा. नाव कितीही मोठे असो, संच दुरुस्तीला मुंबईला पाठवावा लागणार असेल तर आपल्याला काय उपयोग? वॉरंटी किती महिन्यांची, माणूस घरी येतो की आपणच न्यायचे, रिमोट आणि वायर त्यात धरले आहेत का, हे आधी विचारा. "बिल नको, दोनशे कमी करतो" या बोलण्याला मुळीच भुलू नका. जीएसटीचे पक्के बिल घ्या आणि त्याचा फोटोही काढून ठेवा. घरपोच मागवलात तर खोके उघडतानाचे चित्रण करा, ते तक्रारीला उपयोगी पडते. दुकानदाराने हात वर केले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीला शुल्क नाही, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात ती करता येते.

घरी आल्यावर सबवूफर कोपऱ्यात ढकलू नका. तिथे खर्ज फुगतो, आणि भिंत सामाईक असेल तर शेजारच्या वहिनींची झोप उडते. वळवाचा गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा. आणि खोके थेट फरशीवर नको, खाली एक पाट द्या. नाहीतर लादी पुसताना पाणी आत जाईल, आणि पाण्याने झालेल्या बिघाडाला वॉरंटी सहसा लागू होत नाही.