गुणवत्तेची अट आणि पोटाची अट

शिष्यवृत्ति हुशारांनाच द्यावी, सामान्य विद्यार्थ्यांवर सरकारी पैसा उधळूं नये, असें आमच्या सुशिक्षित वर्गांत मोठ्या आत्मविश्वासानें बोललें जातें. हा कोटिक्रम वरवर बिनतोड दिसतो. पण तो पोकळ आहे.

2009 च्या कायद्यानें मोफत शिक्षणाचा हक्क दिला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस. 2016 च्या दुरुस्तीनंतरचा बालमजुरीचा कायदा चौदा वर्षांवरील मुलांस धोक्याचीं नसलेलीं कामें करूं देतो. म्हणजे शाळेचा हक्क संपतो तेथेंच मजुरीचें दार उघडतें! ह्या उंबरठ्यासाठीं केंद्र सरकारनें 2008 सालीं एक शिष्यवृत्ति काढली. नववी ते बारावी, वर्षाला 12,000 रुपये. पण आठवींतील परीक्षेंतून निवडलेल्या, देशभरांतील दरसाल एक लक्ष मुलांनाच.

बाकीच्यांची भूक काय त्या परीक्षेंत नापास झाली? मुलगा शाळेंत राहिला म्हणजे मजुरी बुडते. ती हुशाराच्या घरीं जितकी, तितकीच सामान्याच्या घरीं. सुखवस्तु घरांतील मध्यम बुद्धीचीं मुलें पदवीधर होतांना आम्हीं वर्षानुवर्षें पाहिलीं आहेत. त्यांच्या शिक्षणास कोणी उधळपट्टी म्हटलें नाहीं. बक्षीस हुशारीला खुशाल द्यावें. निर्वाहवेतन मात्र गरजेलाच दिलें पाहिजे.