तिजोरीतले गाणे

एखादा संगीतसंच लाखांनी खपला, की आपण तो गाजला असे म्हणतो. अमेरिकेतील ‘वु-टँग क्लॅन’ या हिपहॉप मंडळींनी मात्र आपल्या संचाची जगात एकच प्रत काढली. सुमारे सहा वर्षे गुपचूप चाललेले ध्वनिमुद्रण, ३१ गाणी, आणि शेवटी नक्षीदार पेटीत बंद केलेल्या दोन सीडी. नाव ‘वन्स अपॉन अ टाइम इन शाओलिन’. २०१५ साली तो वीस लाख डॉलरला विकला गेला. अट अशी, की ८८ वर्षे, म्हणजे २१०३ पर्यंत, त्याचा व्यापारी वापर करायचा नाही.

हिपहॉप म्हणजे तालावर यमके जुळवत झपाझप म्हणायचे गाणे. घरातल्या नातवंडांना विचारलेत तर लगेच म्हणून दाखवतील. त्याचा जन्म सांगतात तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला, ११ ऑगस्ट १९७३ चा. शाळेच्या कपड्यांसाठी पैसे हवेत म्हणून एका मुलीने इमारतीच्या सामाईक खोलीत पार्टी ठेवली. तबकड्या लावायला तिचा भाऊ, पुढे कूल हर्क म्हणून नावारूपाला आलेला. प्रवेशमूल्य मुलींना २५ सेंट, मुलग्यांना ५० सेंट. गरीब वस्तीत, चारचौघांत वाढलेली ही कला चार दशकांनी तिजोरीत जाऊन बसली.

तिला तिथे नेणारा आरझेडए हा या मंडळींचा म्होरक्या. त्याचे म्हणणे सरसकट मोडीत काढता येत नाही. इंटरनेटवर गाणे जवळजवळ फुकट मिळू लागले आणि कलावंताच्या श्रमाचे मोल घसरले. चित्राला जो मान मिळतो तो संगीताला का नको, असा त्याचा प्रश्न होता. तरीही त्याच्याच गटातल्या मेथड मॅनने ८८ वर्षांच्या अटीवर जाहीरपणे राग व्यक्त केला. ज्या चाहत्यांनी आपल्याला मोठे केले तेच बाहेर राहिले, हे त्याला खटकले.

पुढे गिऱ्हाइकाचे नाव फुटले. मार्टिन श्क्रेली! डॅराप्रिम या जुन्या औषधाची गोळी साडेतेरा डॉलरवरून एकदम ७५० डॉलरवर नेणारा हाच तो औषधव्यापारी. एड्सग्रस्तांसारख्या, प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांना ही गोळी लागते. सौदा ठरला तेव्हा या दरवाढीची आपल्याला कल्पना नव्हती, असे सांगून आरझेडएने मिळालेल्या रकमेतला मोठा वाटा दानधर्मात दिला.

पण योगायोग म्हणून हे सोडून देता येईल का? दोन्ही व्यवहारांचे गणित एकच. माल एकाच्या हाती ठेवा, बाकीच्यांची वाट अडवा, किंमत आपोआप चढते. गाण्यावाचून कोणी मरत नाही, हा फरक मोठाच आहे. पण अडवणुकीची रीत तीच.

२०१७ साली श्क्रेली गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी ठरला, २०१८ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली आणि पेटी सरकारजमा झाली. २०२१ मध्ये सरकारने ती विकली. ‘प्लीजरडाओ’ या संग्राहक गटाने चाळीस लाख डॉलर मोजले. सहा वर्षांत किंमत दुप्पट! बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला इथे थबकावेसे वाटते. तारण ठेवलेल्या मालाची किंमत आम्हीही लावत असू. पण तो माल निदान कोणाच्या तरी उपयोगाचा असे. इथे गाणी चांगली की वाईट, हे ठरवायला श्रोताच नव्हता. वाढली ती दुर्मिळतेची किंमत. गाण्याची अजून ठरायचीच होती.

नव्या मालकांनी दार थोडे किलकिले केले. जून २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील होबार्टच्या ‘मोना’ संग्रहालयात मोजक्या लोकांना अर्ध्या तासाचा निवडक भाग ऐकवला गेला. त्याच महिन्यात एका डॉलरला कुलूपबंद प्रत विकायला काढली. प्रत्येक खरेदीमागे प्रतीक्षा ८८ सेकंदांनी घटणार. जुन्या सवयीने मी आकडेमोड केली. पूर्ण मुदत कापायला पावणेतीन कोटींच्या वर गिऱ्हाइके लागतील.

आकडा अवाढव्य आहे, पण दिशा बरोबर आहे. एका श्रीमंताने कोंडलेले गाणे सोडवायचे तर अनेकांनी थोडे थोडे पैसे घालावे लागतात. ब्राँक्समधल्या त्या मुलीने २५ आणि ५० सेंट गोळा करताना नेमके हेच केले होते.